हातोडी थांबली तेव्हा

एका गावात तांबटांची आळी होती. पंधरा-वीस घरं, आणि प्रत्येक पडवीत तांब्याच्या पत्र्यावर पडणारी हातोडी. उजाडलं की ठोकाठोक सुरू, ती थेट दिवेलागणीपर्यंत. आळीतल्या माणसांना त्या आवाजाचं काही वाटत नसे. त्यांना भीती वाटे ती हातोडी थांबण्याची. एखाद्या घरची हातोडी भर दिवसा गप्प झाली, म्हणजे त्या घरावर संकट आलं, अशी आळीची समजूत. मग सगळे हातातलं काम टाकून त्या दारात जमत. रिकाम्या हातानं कोणी येत नसे. कोणी पिठलं आणी, कोणी भाकऱ्या. फार चांगली रीत होती. दाजीबा तांबटाला मात्र तिचाच धसका होता.

दाजीबाला बकुळा नावाची सात वर्षांची मुलगी होती. ती बोलत नसे, हाक मारली तर बघत नसे. हातोडीचा घाव पडला की कान घट्ट दाबून कणगीमागे जाऊन बसे आणि डोकं भिंतीवर आपटून घेई. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा आळीला हा शब्द माहीत नव्हता. "झपाटलेली" हा मात्र सगळ्यांना पाठ होता.

म्हणून दाजीबानं आणि त्याच्या बायकोनं, सगुणेनं, मुलीला लपवलं. सगुणा हळदीकुंकवाला जाईना. कोणी विचारलं तर म्हणे, "पोरीला ताप आहे." दोन वर्षं ताप! आळी म्हणू लागली, सगुणेला गर्व चढला. आणि लेक आत तळमळत असताना दाजीबा पडवीत घडे ठोकत राही. हातोडी थांबली तर लोक येतील, लोक आले तर बकुळा दिसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो स्वतःला समजावी. त्या मुठीत आपलीच लेक गुदमरते आहे, हे काही त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

एके दिवशी सगुणा पडवीत आली. बकुळाच्या कपाळाला खोक पडली होती, आणि आईच्या पदराला रक्त लागलं होतं.

"अहो, बंद करा."

"अगं, थांबलो तर सगळी आळी दारात येईल."

"येऊ दे. मला एकटीला आता होत नाही."

दाजीबानं त्या पदराकडे पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली.

घटकाभरात अंगण माणसांनी भरलं. सगळ्यांच्या पुढे मनाजीतात्या, आळीतले सर्वांत जुने आणि सर्वांत तापट कारागीर. त्यांच्या हातात पिठल्याचं पातेलं होतं.

"कोण गेलं रे, दाजीबा?"

"कोणी नाही, तात्या."

"मग हातोडी का थांबली?"

ताप आलाय, हे शब्द दाजीबाच्या ओठांवर आलेच होते. त्यानं ते गिळले.

"माझ्या मुलीला आवाज सोसत नाही, तात्या. ती इतर मुलांसारखी नाही. दोन वर्षं आम्ही तिला लपवली. आता दोघंही थकलो."

सगळी आळी इथेच जमलेली, त्यामुळे कुठेच हातोडी वाजत नव्हती. त्या शांततेत बकुळा आपणहून बाहेर आली. कोणाकडेही न बघता उंबऱ्यावर बसली आणि लाकडावरच्या रेषा बोटानं गिरवू लागली.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझा नातू गणू मामाकडे असतो, असं मी बारा वर्षं सांगतोय," ते म्हणाले. "तो माझ्या मागच्या खोलीत आहे."

तेवढ्यात शेजारची शेवंता गर्दीतून पुढे आली. "माझा धाकटापण असाच आहे. सासू म्हणते, तू ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून."

एकाच आळीत तीन घरं, आणि एकमेकांना पत्ता नाही! ठोकाठोकीत तिन्ही घरांचं रडणं बुडून गेलं होतं. सगुणा शेवंतेच्या गळ्यात पडली आणि दोघी पोटभर रडल्या.

त्या दिवसापासून आळीनं नेम केला. मोठ्या भांड्यांची ठोकाठोक ओढ्यापलीकडच्या मांडवात, आणि दुपारच्या जेवणानंतर सगळ्याच हातोड्या बंद. त्या वेळी तिन्ही मुलांच्या आया शेवंतेच्या अंगणात जमत. एकीनं मुलं बघावी, दुसरीनं निवांत झोपावं. कोणाचं मूल कशानं बिथरतं, कशानं निवतं, हे एकमेकींना सांगावं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. बकुळा बोलू लागली नाही. पण तिच्या कपाळावरची खोक भरली आणि सगुणा पुन्हा हसू लागली. दुपारी गिऱ्हाईक आलं तर तात्या ऐटीत सांगत, "बसा जरा. आमच्या मुलांची वेळ आहे."

पुढे एकदा परगावचं एक जोडपं आळीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. बरोबर कान दाबून धरलेला मुलगा होता. बापानं मान खाली घालून हलक्या आवाजात विचारलं, "इथे ती... तसली मुलं असतात, ती घरं कुठली?"

दाजीबा पडवीतून उठला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तसली म्हणजे आमची! या. हे माझं घर, ही माझी बकुळा. तुमच्या लेकाचं नाव काय?"

लेकाचं नाव त्या माणसाला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्यानं मान वर केली आणि ते मोठ्यानं सांगितलं.

तात्पर्य: झाकलेलं दुःख एकाच घराला चिरडतं; दार उघडून सांगितलं की ते ओझं सगळी आळी उचलते, आणि माणूस ताठ मानेनं चालू लागतो.