माळावरचं गवत

रानात माणसाची पायवाट पडायच्या आधीची गोष्ट. वानरं आणि चितळं तेव्हा करार करून राहत. वानरांनी झाडावरून नजर ठेवायची, चितळांनी वाघाचा वास घ्यायचा, आणि ज्याला आधी कळेल त्याने ओरडायचं.

पण वानरं जातील तिकडेच कळपाला जावं लागे. कळपाची म्होरकी ठिपकी त्याला विटली होती.

"आम्ही आता वेगळे होतो," ती वानरांना म्हणाली. "समोरच्या माळावर राहू. तुमचा इशारा मात्र ऐकू येऊ द्या."

"वा गं वा!" म्हातारा वानर फांदीवरून गुरकावला. "पहारा आमचा आणि मर्जी तुझी? आमच्यासाठी वास घ्यायला तू इथे असशील का?"

"नसेन."

"मग आम्हीही ओरडणार नाही."

ठिपकीने मान वळवली. मागे अख्खा कळप कान टवकारून उभा होता. आता माघार घेतली तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"नका ओरडू," ती म्हणाली आणि चालू लागली.

माळावर गुडघाभर हिरवंगार गवत होतं, आणि सगळं त्यांचंच. ठिपकीने तोंड खाली घातलं, तोच मागे काहीतरी सळसळलं. तिने झटकन मान वर केली. वारा होता. पुन्हा तोंड घातलं, पुन्हा मान वर.

दिवस कलला तरी तिच्या पोटात धड एक घास गेला नव्हता. तिने दूर झाडाकडे पाहिलं. म्हातारा वानर दुपारची डुलकी सोडून, नाक वर करून वारा हुंगत बसला होता. वाघाचा वास कसा असतो, हे त्याला कुठे ठाऊक होतं!