यंत्राने मारलेली रेघ

सन दोन हजार तेवीस, डिसेंबर महिना, हेमंत ऋतू.

"मग सही कधी करता, मास्तर?"

निनाद सरपोतदार हा विजेवर चालणाऱ्या गाड्या बनविणाऱ्या एका कारखान्याचा लाइन-प्रमुख. हा प्रश्न विचारताना तो मास्तरांच्या घरी, त्यांच्यापुढे फाईल उघडून, उभाच होता. त्याला बसावयास सांगितलेले नव्हते.

ज्यांना विचारले ते मार्तंडराव खळदकर, त्याच कारखान्याचे निवृत्त फोरमन. निनादच्या हाती पहिला पाना त्यांनीच दिला होता. शैला भोकरे या कामगार बाईलाही त्यांनीच शिकविले होते, आणि आता तिच्या चौकशी समितीवर त्यांचे नाव होते; तिच्या बडतर्फीच्या हुकमावर त्यांची सही हवी होती.

"तिचा गुन्हा सांग."

"महिन्यात अकरा वेळा दोरी ओढली. अकरा वेळा सारी लाइन थांबली."

"दोरी कशासाठी टांगली आहे?"

"दोष दिसला तर ओढण्यासाठी. पण दोष नव्हताच, मास्तर. रोबो बॅटरी खालून उचलतो, सोळा बोल्ट आवळतो. जोर पुरा झाला की पडद्यावर हिरवे येते. अकराही वेळा हिरवे होते."

"आणि शैला काय म्हणते?"

निनाद हसला.

"ती बोल्टच्या डोक्याखाली कागदाची पट्टी सारते. पट्टी आत गेली, म्हणजे बोल्ट बसला नाही म्हणते. चाळीस कोटींची लाइन, आणि ही बाई वहीचा कागद घेऊन फिरते."

मार्तंडराव हसले नाहीत.

"कागद मी दिला होता," ते म्हणाले.

...

"आवळलेला बोल्ट तपासल्याची खूण म्हणून त्यावर पिवळी रेघ मारतात. ती हल्ली कोण मारतो?"

"रोबोच. आवळतो आणि लगेच मारतो. तो बदल माझा आहे. गाडीमागे नऊ सेकंद वाचले."

"माझ्या वेळी नियम काय होता?"

"एकाने आवळायचे, रेघ दुसऱ्याने मारायची. पण तेव्हा माणसे होती, मास्तर. माणूस चुकतो."

"त्या अकरा गाड्या नंतर कोणी तपासल्या?"

"... त्याच रोबोने."

मार्तंडराव उठले. ते स्वयंपाकघरात गेले आणि आंब्याच्या लोणच्याची काचेची बरणी घेऊन आले. लोणच्यावर तेल चांगले दोन बोटे होते.

त्यांनी झाकण काढले. मग तेच मुद्दाम तिरपे ठेवले आणि दात आवळून पिळले. आटे करकरले.

"फिरव."

निनादने दोन्ही हातांनी जोर केला. झाकण हलले नाही.

"घट्ट?"

"घट्ट आहे."

मार्तंडरावांनी त्याच्या खिशातील पिवळा मार्कर काढून घेतला. झाकणापासून काचेपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"आता तुझा पडदा काय सांगतो?"

"... हिरवे."

त्यांनी बरणी उचलली आणि निनादच्या उघड्या फायलीवर उलटी धरली.

तेल रेघेला वळसा घालून आले. बडतर्फीच्या हुकमावर लाल डाग पडला, मग तो पसरत गेला.

"मास्तर, कागद..."

"बॅटरीच्या वर कोण बसते?"

"गिऱ्हाईक."

"नाव सांग."

"गिऱ्हाइकाचे नाव मला कसे ठाऊक असणार?"

"शैलालाही ठाऊक नाही. तरी ती दोरी ओढते." त्यांचा आवाज चढला नाही. "बरणी घेऊन जा. झाकण नीट लावून आण. तोवर या घराची पायरी चढू नकोस."

चहा विचारला गेला नाही.

निनाद संतापाने लाल होऊन निघून गेला. मोटारीत बसल्यावर त्याने बरणी शेजारच्या आसनावर ठेवली, तेव्हा आसनही डागाळले.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आवारात गेला. पाठविण्यासाठी उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एक त्याने जॅकवर उचलून घेतली आणि वहीचा कागद फाडून खाली शिरला. पंधरा बोल्टांखाली कागद अडला.

सोळाव्याखाली तो आत गेला. वर पिवळी रेघ अगदी सरळ होती.

मग लाइनवर जाऊन त्याने स्वतः दोरी ओढली.

शनिवार, तेवीस डिसेंबर रोजी या प्रकरणाचा निकाल लागला. हुकूम रद्द झाला. शैलाबाई आपल्या जागेवर परत आल्या, आणि रेघ मारण्याचे काम रोबोकडून काढून त्यांच्याकडे देण्यात आले. गाडीमागचे नऊ सेकंद परत गेले. यावरून वरिष्ठांनी निनादला सर्वांदेखत फैलावर घेतले, ते त्याने मान खाली घालून ऐकले.

त्याच संध्याकाळी तो मार्तंडरावांच्या दारात उभा राहिला. हातात बरणी होती. पायरी मात्र चढला नाही.

"जुन्या झाकणाचे आटे गेले होते. नवे आणले. लावले मी. रेघ शैलाबाईंनी मारली."

मार्तंडरावांनी रेघ पाहिली. बरणीला हात लावला नाही.

"उलटी धर."

निनादने बरणी पायरीवर उलटी धरली.

"तिथे नको," मार्तंडराव म्हणाले. "डोक्यावर धर. तुझ्या."