मागे वळलेली रेघ

“...मग बाबा, या दोन्हींतलं कुठलं ठेवू?”

भिवानाथाने चुलीत फुंकर घातली. धूर आला, जाळ काही आला नाही.

“दोगं काय म्हनत्यात?” त्याने विचारलं.

हेरंब सबनीसच्या दोन्ही हातांत एकेक जीपीएस यंत्र होतं. उजव्या हातात नवंकोरं, काचेवर बोट फिरवायचं. डाव्या हातात जुनं, बटणांचं, कोपरे झिजलेलं. मोरदऱ्याच्या डोंगरावर पाण्याच्या टाक्याशेजारी भिवानाथ जोगी तीस वर्षं राहत होता, आणि एवढ्या वर्षांत असला प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. तरी त्याने तो बैल निवडायचा असल्यासारखा शांतपणे ऐकून घेतला.

“दोन्ही एकच जागा दाखवतात,” हेरंब म्हणाला. “वरची ती कपार.”

“मंग भांडान कुटं हाय?”

“जुनं चुकतं, बाबा.”

“आज चुकलं?”

“आज नाही...”

“मंग कवा?”

हेरंबने जुन्या यंत्राच्या पडद्यावरून अंगठा फिरवला. यंत्राची चूक सांगायला माणूस तोंड उघडतो, आणि मग तारीख विचारली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते.

त्याचा नाद जरा जगावेगळा होता. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी डोंगरात, रानात एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी यंत्र घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत तारीख घालून सही करायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन लिहायचं, ‘सापडला’. सही खरंच केली का, हे बघायला कुणी मुद्दाम डोंगर चढत नाही. सगळा खेळ शब्दावर चालतो.

हा नाद त्याला लावला केळुसकरकाकांनी. काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. मोरदऱ्यावरचा डबा त्यांनीच लपवलेला. हेरंबला त्यांनी नकाशा वाचायला शिकवलं, उतारावर पाय कसा टाकायचा ते शिकवलं. स्वतःला मूलबाळ नाही. चारचौघांत ओळख करून देताना म्हणायचे, “हा आमचा पोरगा.”

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात हा पोरगा इथे आला होता. तोवर त्याचे चारशे नव्व्याण्णव डबे झालेले. पाचशेवा गुरूचाच असावा, अशी हौस. संध्याकाळी डबे हुडकणाऱ्यांच्या मंडळाचा कार्यक्रम होता, शाल-श्रीफळ तयार होतं. आणि वर धुकं दाटलेलं. यंत्र म्हणालं, अजून चाळीस मीटर. चाळीस मीटर म्हणजे काय, पोचल्यासारखंच की, असं म्हणून तो मागे वळला. एसटीच्या थांब्यावर मोबाईलला रेंज आली तेव्हा त्याने लिहून टाकलं, ‘सापडला’. शाल काकांनीच त्याच्या खांद्यावर घातली.

हे एवढ्यावर मिटलं असतं. अशा गोष्टी मिटतात म्हणूनच माणूस त्या करतो. पण गेल्या महिन्यात कुणीतरी लिहिलं, मोरदऱ्यावर डबा नाही. काकांचा फोन आला. “हेरंबा, याच्याआधी तिकडे शेवटचा तूच गेलेलास. तू पाहिलास ना? जागेवर होता ना?”

“हो काका,” हेरंब म्हणाला, “अगदी जागेवर होता.”

म्हणून तो आज गुपचूप आला होता. डबा शोधायचा, वहीत दोन वर्षांपूर्वीची तारीख घालून सही ठोकायची आणि निघायचं. शाई जुनी दिसावी म्हणून त्याने पेनही फिकट शाईचं आणलं होतं. खोटेपणात माणूस किती काटेकोर होतो ते पाहावं!

पण कपारीत डबाच नव्हता. मग त्याच्या डोक्यात शिरलं, की सगळा दोष जुन्या यंत्राचा. त्यानेच तेव्हा भलतीकडे नेलं, भलताच डबा दाखवला, आपण बापडे फसलो. नवं यंत्र आज वेगळी जागा दाखवतं तर किती सोयीचं झालं असतं. पण नव्यानेही इमानाने त्याच कपारीकडे बोट दाखवलं.

“जुन्याचं काय करनार?” भिवानाथाने विचारलं.

“विकून टाकीन. पुसून देईन कुणाला तरी.”

“फडक्यानं?”

“नाही, आतून. आपण कुठे कुठे चाललो त्याच्या रेघा राहतात आत. त्या पुसायच्या असतात.”

“ह्या डोंगराची हाय?”

“...असेल.”

“दाव की.”

हेरंबला नाही म्हणता आलं असतं. का म्हटलं नाही, ते त्यालाही कळलं नाही. त्याने बटणं दाबली. बोट दोनदा चुकलं. मग छोट्याशा पडद्यावर एक रेघ उमटली. गावातून निघालेली, टाक्यावरून वर गेलेली, कपारीच्या अलीकडे थबकलेली आणि माशाच्या गळासारखी मागे वळलेली.

भिवानाथाने राखेचं बोट त्या वळणावर टेकवलं.

“हितं काय झालं?”

“धुकं होतं, बाबा.”

“व्हय. लई हुतं.” जोग्याने मान हलवली. “त्या श्रावनात कोन तरी शीळ घालत उतारलं हुतं. म्या हाक मारली च्या प्यायला. थांबलं न्हाई.”

हेरंबच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शीळ... ती त्याला आठवत होती. गाणंसुद्धा आठवत होतं.

“बाबा, तो डबा... तुम्ही पाहिलाय कधी?”

“पायला की. वानरांनी पळवला. त्याच्या आदल्या उनाळ्यात. माज्या डोळ्यांदेखत दरीत भिरकावला.”

“आदल्या उन्हाळ्यात?”

“व्हय.”

म्हणजे तेव्हा धुकं नसतं, तो कपारीपर्यंत पोचला असता, तरी तिथे काही नव्हतं. ‘नाही सापडला’ असं एका ओळीत लिहिलं असतं, तर ते खरं झालं असतं. काका एकदा येऊन दुसरा डबा ठेवून गेले असते. एवढंच. एवढ्यासाठी दोन वर्षं.

“मग हे डबा ठेवणाऱ्या काकांना कुणी सांगितलं नाही का?” त्याच्या आवाजात थोडी तक्रारच होती. अशा वेळीही माणूस दुसऱ्या कुणाला तरी शोधत असतो.

“सांगितलं. तीनदा.”

“तीनदा?”

“तीनदा आलं ते. ह्याच म्हैन्यात. गुडगा धरून, बसत उठत. ह्या दगडावर बसून च्या प्याले. म्या म्हनलं, सायेब, डबा वानरांनी न्हेला, दोन वर्सांच्या वर झालं. तर म्हनले, बाबा, तुमची कायतरी गफलत व्हतीया. त्यानंतर आमच्या पोरानं डोळ्यांनी बगितलाय.”

हेरंबने जुनं यंत्र मांडीवर उपडं ठेवलं.

“म्या म्हनलं, पोरगं चुकलं आसंल. तर म्हनले...” भिवानाथ थांबला. लाकूड आत सारलं.

“काय म्हणाले?”

“म्हनले, चुकंल, पर खोटं न्हाई सांगायचा. आन् पुन्यांदा वर ग्येले. पालथं पडून कपारीत हात घालत हुते.”

चुलीवरचं पाणी सुं सुं करू लागलं. हेरंबला वाटलं, यापेक्षा या माणसाने आपल्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. लाज त्याला यापूर्वीही वाटली होती, पण ती पकडलं जाण्याची. आज पहिल्यांदाच त्याला त्या कपारीत चाचपडणारा म्हातारा हात दिसला. डोळे भरून आले. ते पुसावेत एवढीही आपली लायकी नाही असं त्याला वाटलं.

“माझ्यामुळे त्यांनी तुम्हाला खोटं पाडलं, बाबा.”

“माजं काय जातंय. गुडगा त्येंचा सुजलाय.”



मग भिवानाथ उठून कड्याशी गेला, डोळ्यांवर हात धरून खाली पाहू लागला. खालच्या टप्प्यावर, करवंदीच्या जाळ्यांतून एक पांढरी टोपी वर सरकत होती. मध्येच थांबत होती. पुन्हा सरकत होती.

“चौथ्यांदा,” तो म्हणाला.

हेरंबने ओळखलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. चालण्याची ती लकब त्याने दहा वर्षं मागून पाहिली होती.

डोंगराच्या पाठीमागून आणखी एक वाट उतरत होती. त्याची नजर आपसूक तिकडे गेली. भिवानाथाने ते पाहिलं. तो परत चुलीशी येऊन बसला आणि पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.

हेरंबने नवं यंत्र सॅकमध्ये टाकलं आणि सॅक जोग्याच्या दारातच ठेवली. जुनं हातात राहू दिलं. पडद्यावर ती रेघ तशीच होती. ती त्याने मालवली नाही.

दोन पावलं उतरून तो थांबला.

“बाबा... काय सांगू त्यांना? सुरुवात कुठून करू?”

खाली काका एका खडकाला टेकले होते. दम घेऊन झाला, तशी त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, पिशवी उजव्या हातात घेतली आणि पुढचा चढ बघत उभे राहिले.

भिवानाथाने चहात साखर टाकली.

“आदी त्येंच्या हातातली पिशवी घे.”