मागच्या दारातले बाकडे

एकदा एका वृद्ध दंतवैद्यांच्या दवाखान्याचे पुढचे दार फुगून घट्ट बसले. दोन वर्षे सारे रुग्ण मागच्या बोळातून येत राहिले. अखेर सुताराने रंधा मारून दार मोकळे केले. त्यालाही आठवडा लोटला. मग एका सकाळी डॉक्टरांनी स्वतः एक बाकडे ओढत नेऊन मागच्या दारात आडवे टाकले. त्यांच्या हाताखाली शिकणारी तरुणी थोड्या वेळाने आली, तिला त्या बाकड्याचा अर्थ लागेना.

तेवढ्यात एक आई आठ वर्षांच्या केतकीला घेऊन आली. मुलीचे तोंड अर्धवट उघडे, वरचे दात पुढे आलेले.

"डॉक्टर, हिच्या नाकामागच्या गाठी वाढल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून काढल्या. तरी तोंड उघडंच! वर्गातली पोरं म्हणतात, माशी जाईल. 'तोंड मीट' म्हणून ओरडून मी दमले. एवढ्याशा लेकराला भूल दिली, ते वायाच गेलं का हो?"

डॉक्टरांनी केतकीला ओठ मिटायला लावून नाकाखाली छोटा आरसा धरला. दोन्ही नाकपुड्यांची वाफ त्यावर उमटली.

"नाक मोकळं आहे, सर," शिष्या म्हणाली. "आता सवय आपोआप जाईल. वर्षभरानं बोलावूया?"

"तू आज कुठल्या दारानं आलीस?"

तिने जीभ चावली. "मागच्याच. बाकडं ओलांडून."

"आम्हीपण आधी तिकडेच गेलो होतो," आई हसून म्हणाली. "बाकडं बघून वळलो."

डॉक्टर म्हणाले, "दार उघडलं, तरी पावलं जुन्याच वाटेनं जातात. त्यात त्यांचा काय दोष? नाक बंद होतं तेव्हा तोंडानंच या पोरीला सांभाळलं. पण त्या काळात जीभ खाली राहिली, टाळू अरुंद झाला, दात पुढे आले. ऑपरेशननं वाट उघडली, ताई, ते वाया कसं जाईल? त्या वाटेनं चालायला शिकवणं आपल्याकडे. टाळू हळूहळू रुंद करणारी पट्टी आम्ही बसवू. तुम्ही रोज वेणी घालताना तिच्या ओठांत कागदाचा कपटा द्या. वेणी होईतो तो पडू द्यायचा नाही. आणि ओरडू नका. बाकडं कुणावर ओरडतं का?"

आठ महिन्यांनी केतकी पुढच्या दाराने आत आली, ओठ मिटून.

"कागद कुठे गं?" शिष्येने विचारले.

"आता आई विसरते द्यायला," केतकी म्हणाली. मग हसली, आणि ओठ पुन्हा मिटले.

शिष्या उठली. मागच्या दारातले बाकडे तिने उचलले आणि भिंतीशी नेऊन ठेवले.