कर्णावळच्या वेशीतल्या बारा रेघा

कर्णावळला आलेली माणसं आधी राजवाड्याचा चौथरा बघतात, मग पायऱ्यांची बारव, मग संग्रहालयातली नाणी आणि गंजलेल्या तलवारी. तेवढ्यात पाय दुखायला लागतात. तरी परतताना पश्चिम वेशीत जरा थांबावं. उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर एक काळा दगड आहे. त्यावर बारा बारीक रेघा आहेत. संग्रहालयाच्या साहेबांनी तो दगड आत न्यायचं ठरवलं होतं. गावच्या बायकांनी नेऊ दिला नाही. त्या रेघा राजाच्या नाहीत. देमाई साळिणीच्या आहेत.

तेव्हा कर्णावळ राजधानी होतं. मग राजाच्या मनात आलं आणि त्यानं राजधानी घाटापलीकडं हलवली, पंधरा दिवसांच्या वाटेवर. हत्ती गेले, सराफ गेले, देवसुद्धा पालखीत बसून गेले म्हणे. राणीनं जरतार कातायला नाजूक बोटांच्या पोरी निवडून बरोबर घेतल्या. त्यांत देमाईची लाखी होती, नऊ वर्षांची. देमाईचा नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. त्याला टाकून तिला जाता येईना. "आखितीला पाठवून देऊ," असं राणीच्या माणसांनी सांगितलं. आखिती म्हणजे लेकींनी माहेरी यायचा सण. कोणत्या वर्षीची आखिती, ते मात्र सांगितलं नाही.

निघायच्या सकाळी देमाईनं लाखीचा हात वेशीतल्या दगडावर आडवा ठेवला, कोपर दगडाच्या कडेला लावून. शेजारच्या चांगो पाथरवटाला म्हणाली, "बोट संपतं तिथं रेघ मार. आली की बघू किती वाढली." पोरगी तेव्हा हसत होती, असं सांगतात. गाडी वळली तेव्हा हसत नव्हती.

आखिती आली, लाखी आली नाही. देमाई चांगोला घेऊन वेशीत गेली. रेघेच्या पुढं जवभर जागा सोडून तिनं बोट ठेवलं. "आता एवढी झाली असेल." चांगोनं छिन्नी लावली. मग दर आखितीला हेच. आधी आधी ती गल्लीतल्या लाखीच्या जोडीच्या पोरींचे हात मोजून यायची. त्या पोरी लग्न होऊन गेल्या, तशी नुसत्या अदमासानं बोट ठेवायला लागली.

एका वर्षी चांगो म्हणाला, "देमाई, पोरगी आहे का ताडाचं झाड? सोळाच्या पुढं हात वाढत नाही गं."

"तिच्या बापाचे हात बघितलेस ना? गुडघ्याला लागतात."

"त्याचेही सोळाव्यालाच थांबले."

"चांगोबा, तिकडं ती आहे ना अजून? मग रेघ पाहिजे."

चांगोनं रेघ मारली. पुढं नवरा वारला, तेव्हा देमाई एकटीच घाटापर्यंत चालत गेली म्हणे. चौकीवाल्यांनी परवाना मागितला. तिच्याकडं कसला परवाना? ती तशीच मागं फिरली आणि मागावर बसली. लाखीसाठी लुगडं विणायला घेतलं.

बाराव्या वर्षी राणी वारली आणि जरतार कातणाऱ्या पोरी मोकळ्या झाल्या. आखितीच्या सकाळी देमाई आणि चांगो वेशीत पोचले, तर धुळीनं भरलेली एक तरणी बाई दगडाशी उभी. कोपर कडेला लावून तिनं हात आडवा ठेवला होता.

देमाईनं आधी तोंड बघितलं नाही. बोट बघितलं. ते आठव्या रेघेवर थांबलं होतं. पुढच्या चार रेघा मोकळ्याच.

"एवढीच?" देमाई म्हणाली. "राणीच्या घरी खायला घालत नव्हते का तुला?"

"आई," लाखी म्हणाली, "तूच मला फार मोठी केलीस."

चांगो छिन्नी पिशवीत टाकून तोंड फिरवून उभा राहिला.

घरी आल्यावर लाखी ते लुगडं नेसली. देमाईनं ते दगडाच्या कडेपासून शेवटच्या रेघेपर्यंतचा हात धरून, तसं मोजून विणलेलं. पदर जमिनीवर लोळायला लागला. देमाई कातर शोधायला उठली, तसं लाखीनं तिचं मनगट धरलं.

"कापू नकोस, आई. तेवढी मी इथंच वाढले."

आजही कर्णावळात माहेरी आलेल्या लेकीला लुगडं घेतलं, की दुकानदार मोजून झाल्यावर चार बोटं कापड जास्त सोडतो. बाहेरचं कुणी असलं तर म्हणतं, "शेठ, माप चुकलं तुमचं." शेठ घडी घालत राहतो.

"लेकीचं आहे," एवढंच म्हणतो.