तिसरी हाक

पूर्वी काशीच्या सिंहासनावर ब्रह्मदत्त राजा असताना बोधिसत्त्व हिमवंताच्या पायथ्याशी वाटाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. एका सकाळी डोंगरावर निघताना त्याने कमरेच्या दोराची गाठ मारली, क्षणभर थांबला, ती सोडली आणि पुन्हा मारली. पाहायला गेले तर यात काहीच नाही. पण त्याची धाकटी बहीण शालिका दारात उभी राहून ते बघत होती. भावाने एकदा मारलेली गाठ पुन्हा सोडलेली तिने आजवर पाहिली नव्हती.

शालिका मूळचीच भित्री. भांडे पडले तरी दचकायची. आईवडील हिमाच्या लोटाखाली गेले, तेव्हापासून तर वाऱ्याने दार वाजले तरी तिचे हातपाय गार पडत. आता तिला एवढा एक भाऊच होता.

दोराच्या दुसऱ्या टोकाला पूर्णक होता, काशीच्या एका श्रेष्ठींचा मुलगा. श्वेतशृंगावर आजवर कोणी पाय ठेवला नाही असे ऐकून तो भर सभेत ‘मी ठेवीन’ असे बोलून बसला होता, आणि आता बोललेले गिळता येत नव्हते. गावातल्या सगळ्या वाटाड्यांनी त्याला नकार दिला होता. सोमिलनेही आधी दिलाच होता.

“दादा, मग आता का जातोस?” शालिकेने विचारले.

“मी नाही म्हटलं तर तो एकटा जाईल गं. मग मरेलच. बरोबर असलो तर ‘मागे फिर’ म्हणायला कुणीतरी असेल.”

“आणि नाही फिरला तर?”

सोमिल हसला. “तुला सगळे ‘तर’ आधीच कसे सुचतात?”

मग तो पूर्णकाला गावाची रीत समजावू लागला. डोंगरात यक्ष राहतो आणि तो माणसाच्या आवाजात हाका मारतो, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. यक्षाला दोनदाच हाक मारता येते. तिसरी आली तर ती आपल्या माणसाची. म्हणून वर असलेल्याने तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. खालच्यांसाठीही नियम होता. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर माणूस गेला असे धरायचे. घरच्यांनी तिथेच केस मोकळे सोडायचे, आणि त्याच्या शोधात मग कोणी वर जायचे नाही.

“तुमचा यक्ष दोनपर्यंतच शिकलाय वाटतं!” पूर्णक हसून म्हणाला. शालिकेला ते हसणे मुळीच आवडले नाही.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत परतायचे ठरले होते.

तिसऱ्या दिवशी ते बर्फाच्या उंच धारेवर पोहोचले, तेव्हा पश्चिमेकडून ढग चढू लागला. सोमिल थांबला. “श्रेष्ठिपुत्रा, इथून फिरू या.”

“फिरू या? अहो, शिखर तर हे काय समोर दिसतंय!”

“ते शिखर नाही. त्याच्या मागे एक खोरं आहे आणि खोऱ्यापलीकडे शिखर. आज होणार नाही.”

पूर्णकाला वाटले, हा घाबरला. त्याने काही न बोलता आपल्या कमरेची गाठ सोडली आणि तो एकटाच पुढे चालू लागला. वीस पावलांवर त्याच्या पायाखालचे बर्फ तुटले. तो खालच्या एका अरुंद कपारीवर आदळला. मांडीचे हाड मोडले आणि पाठीवरचे गाठोडे दरीत गेले.

सोमिलच्या मागे परतीची वाट मोकळी होती. खाली जाऊन माणसे आणायची तर तीन दिवस लागले असते, आणि उघड्यावर पडलेला माणूस तेवढे जगला नसता. सोमिलने दोर खडकाला बांधला आणि तो कपारीवर उतरला. त्याच्याजवळ एकच कांबळे होते. ते त्याने पूर्णकाला पांघरले आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसला.

“तुम्ही मला शिव्या का देत नाही?” बऱ्याच वेळाने पूर्णकाने विचारले.

“शिव्यांनी ऊब आली असती तर दिल्या असत्या,” सोमिल म्हणाला, आणि त्याचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळू लागला.

चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी दुपारी शालिका हाकेच्या शिळेवर आली. ही शिळा गावापासून बरीच वर, दरीच्या अलीकडच्या काठावर होती. तिथून मारलेली हाक थेट श्वेतशृंगाच्या कड्यापर्यंत जाई. समोर सगळे धुके होते. तिने हाक मारली, “दादाऽऽ!” पुष्कळ वेळ थांबून दुसरी मारली. काहीच आले नाही.

तिसरीसाठी तिने तोंड उघडले, आणि तिला भीती वाटली. ही मारली आणि उत्तर आले नाही, तर? मग भाऊ मेलाच की. हाक मारली नाही तोवर तो मेलेला नाही. तिने तोंड मिटले, शिळेवरून उतरली आणि मागे वळून न बघता गावाकडे निघाली.

पलीकडे कपारीवर दोघांनीही दोन्ही हाका ऐकल्या होत्या. सोमिलचा घसा थंडीने पार बसला होता. ओठ हलत, आवाज फुटत नव्हता. त्याने पूर्णकाला खूण केली, ओ दे. पण पूर्वी त्या रीतीवर हसणारा पूर्णक आता ओ देईना. “तिसरी येऊ दे. तिसरी आली नाही तर तो यक्षच.”

दोघे वाट पाहत राहिले. तिसरी आली नाही.

सोमिलने त्याला जवळ ओढले आणि कानाशी तोंड नेऊन कुजबुजला, “ती माझी बहीण होती. तिसरी हाक मारायचा तिला धीर होत नाही. लहानपणापासून अशीच आहे. तिच्यावर रागावू नकोस.” थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “स्वतःवरही नको.” संध्याकाळी त्याचे पूर्णकाचे पाय चोळणारे हात थांबले.

सहाव्या दिवशी सकाळी गावकरी शालिकेला घेऊन शिळेवर आले. सगळ्यांत वयस्कर वाटाड्या बलिककाका म्हणाला, “पोरी, तिसरी हाक दे आणि मोकळी हो.”

“मोकळी हो म्हणजे? काका, तुम्ही दादाला मेलेला धरूनच आलात!”

शेजारची दंतिलामावशी तोंडाने फटकळ. ती पुढे आली. “काल आली होतीस ना इथे? किती हाका मारल्यास?”

“दोन.”

“आणि ओ कोण देणार होतं तुला दोन हाकांना? अगं, वर तो धडधाकट बसला असता तरी गप्पच राहिला असता की! त्यालाही रीत ठाऊक आहे.”

शालिका तिच्याकडे बघतच राहिली. ही गोष्ट तिच्या मनात आलीच नव्हती. तिसरी हाक आपले काय करील, एवढाच विचार तिने रात्रभर केला होता. वर बसलेला माणूस त्याच हाकेची वाट पाहत असेल, हे तिला सुचलेच नव्हते.

“मावशी, काल तो असेल का गं?”

दंतिलामावशीने शालिकेच्या पाठीवर हात ठेवला.

धुके ओसरले होते. कडा काळा आणि स्पष्ट दिसत होता. शालिकेने हाक मारली. थांबली. दुसरी मारली. मावशीने तिला मागून आवळून धरले. तिने डोळे मिटले, सगळा श्वास गोळा केला आणि तिसरी हाक मारली. “दादाऽऽ!”

कड्यावरून हाक परत आली, विरली. मग दरीच्या पलीकडून, बारीक पण स्पष्ट, कोणीतरी ओ दिली. भावाची ओ ती लहानपणापासून ओळखत होती. ही त्याची नव्हती.

इथवर सांगून तथागत थांबले. मग ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळी ज्याने ओ दिली तो पूर्णक म्हणजे आज तुमच्यात मागे बसलेला, पायाने अधू असलेला भिक्षू सोणक. दंतिला आणि बलिक हे आज इथे उपासक होऊन आलेले पतिपत्नी. शालिका म्हणजे मघापासून चीवराने डोळे पुसणारी ती भिक्षुणी. आणि वाट दाखवणारा सोमिल तो मीच. एकाच्या हट्टाने सोमिलचा जीव गेला, दुसरीच्या भीतीने मदत उशिरा आली. मरताना त्याच्या मनात दोघांबद्दलही राग नव्हता. याला क्षांती म्हणतात.”