झोफ्काने जाळलेली गाडी

साता समुद्रांपलीकडे, कार्पेथियन डोंगरात, वर्बिना नावाचं गाव आहे. फार वर्षांपूर्वी तिथल्या माळावर दर हिवाळ्यात रोमा लोकांचा तांडा उतरायचा. भांड्यांना कल्हई करायची, घोडे विकायचे आणि बर्फ वितळलं की राहत्या गाड्या जुंपायच्या. पाण्याला ते पानीच म्हणत. त्यांचे पूर्वज आपल्याच बाजूने तिकडे गेले, असं म्हणतात.

तांड्याची म्होरकी झोफ्का. हात कल्हईचा, जीभ करवतीची. सगळे तिला मान देत, पण पाठीमागे कुजबुजतही. त्यांच्यात माणूस गेलं की त्याची गाडी सामानासकट जाळायची आणि त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही, अशी रीत. झोफ्काचा नवरा वारला, पण तिच्याने गाडी जाळवली नाही. दारावर त्याने कोरलेली वेल होती ना! "उद्या जाळीन," म्हणायची. त्या उद्याला वर्षं लोटली.

मग युद्ध आलं. जर्मन सैनिक गावोगावचे रोमा तांडे तान्ह्या पोरांसकट धरून नेऊ लागले. नेलेलं माणूस परत येत नव्हतं. एका सकाळी गिरणीवाला ओंद्रे धापा टाकत माळावर आला.

"झोफ्काबाई, खालच्या गावापर्यंत आलेत. दुपारी इथं पोचतील."

गाड्या न्यायला रस्ता एकच, आणि त्यावरूनच सैनिक येणार. गाड्या सोडून जंगलात शिरावं, तर रिकाम्या गाड्या बघून ते जंगल पिंजून काढणार. झोफ्काची लेक मिरेला दिवस भरलेली, तिला पळवणार तरी किती? झोफ्काने लेकीकडे पाहिलं आणि चुलीतलं पेटतं लाकूड उचललं.

"आज आपण सगळे मेलो," ती म्हणाली. "मेलेल्यांना कोण शोधतं?"

पहिली तिने स्वतःचीच गाडी पेटवली. वेलीवर जाळ चढला तेव्हा ती हमसून रडली, पण हात थांबला नाही.

सैनिक आले तेव्हा माळावर नुसती राख. ओंद्रे टोपी हातात धरून उभा.

"ताप आला साहेब, उवांनी पसरतो तो. सगळे गेले. त्यांच्यात मेलेल्याची गाडी जाळतात, म्हणून गावानेच जाळल्या."

साहेबाला ती रीत ऐकून ठाऊक होती, आणि त्या तापाची धास्तीही होती. तेवढ्यात वारा फिरला आणि राख उठून थेट त्याच्या तोंडावर गेली, असं म्हणतात. तो वळला तो पुन्हा फिरकला नाही.

तांडा वर जंगलात, कोळसा पाडणाऱ्यांच्या झोपड्यांत राहिला. गावच्या बायका कल्हईच्या भांड्यांतून जेवण पोचवत. मिरेलाला मुलगी झाली. पण मेलेल्यांची नावं घेत नाहीत, म्हणून कुणी कुणाला नावाने हाक मारत नव्हतं, आणि बाळही बिननावाचंच राहिलं. तेवढा सगळा काळ माळावरची राख ऊन होती, तिच्यावर बर्फ टिकलं नाही, असं म्हणतात.

युद्ध संपलं. तांडा खाली उतरून राखेत उभा राहिला. झोफ्काने एकेकाला नावाने हाक मारली आणि एकेक जण "आहे" म्हणाला. शेवटी मिरेलाच्या बाळाला नाव ठेवून हाक मारली, तेव्हा सगळे मिळून "आहे" म्हणाले. सगळ्यांना इतकं हलकं वाटलं की म्हातारेकोतारेही पोरांसारखे हसू लागले. मग तिने वाटेवर भेटणाऱ्या दुसऱ्या तांड्यांतली नावं पुकारली. ओ आली नाही. ती पुकारतच राहिली.

"आई, गेलेल्यांचं नाव घेत नाहीत," मिरेला हळूच म्हणाली.

"त्यांची गाडी कुणी जाळली?" झोफ्का म्हणाली. "मग नाव तरी घ्यायला नको?"

अजूनही वर्बिनात वसंतात माळावर काटक्यांची गाडी जाळतात. रोमा असो वा नसो, जो तो पुढे येतो, आपलं नाव सांगतो. ज्यांची ओ आली नाही त्यांची नावंही घेतात. शेवटी गावातल्या सगळ्यांत तान्ह्या बाळाला हाक मारतात. त्याची आई त्याला उंच धरते आणि सगळा माळ मिळून म्हणतो, "आहे."